मधला थर

‘‘कालची गोधडी मला जराशी उसवू द्या ताई,’’ करुणा दारातूनच म्हणाली.

उमाताई तिच्याकडे बघतच राहिल्या. कालच्या प्रदर्शनात बारा गोधड्या उलटूनपालटून त्यांनी हीच निवडली होती. घरपोच पाहिजे म्हणून पत्ताही लिहून दिला होता, आणि संध्याकाळी ती घरी आलीही होती. आणि आज सकाळी नऊच्या ठोक्याला शिवणारीच कात्री घेऊन समोर उभी.

‘‘अहो, विकलेली वस्तू कुणी उसवतं का? सुई-बिई राहिली की काय आत?’’

‘‘सुई नाही. एक साडी गेलीय मधल्या थरात. चुकून. लेकीची हाय.’’

‘‘केवढी आहे लेक?’’

‘‘पाचवं सरलं.’’

‘‘पाच वर्षांच्या मुलीला साडी?’’ उमाताई हसल्या.

करुणाला हसू आलं नाही. तिनं सांगून टाकलं. हिरवी सुती साडी. आमू पोटात होती तेव्हा नेसलेली, मग तिला पांघरलेली. धुऊन धुऊन इतकी विरलेली की उन्हात धरली तर पलीकडचं दिसावं. तिचा काठ बोटाला गुंडाळून नाकाशी धरल्याशिवाय आमूचा डोळा लागायचा नाही.

एरवी आमू शाळेत गेली की करुणाला हक्काचे तीन तास मिळायचे. सुट्टी लागली की तेही गेले. आणि गोधडीला गिऱ्हाईक येतं ते नेमकं नाताळच्या सुट्टीत. म्हणून यंदा तिनं आमूला आठ दिवस आपल्या आईकडे, शेंद्र्याला पाठवलं. बापाच्या मोटरसायकलवर बसल्यावर पोर साडी मागत होती. साडी दोरीवर, ओली. ‘‘उद्या पाठवते,’’ करुणा म्हणाली. तो उद्या काही उगवला नाही.

पहिल्याच दिवशी आईचा, सत्यभामाबाईंचा फोन आला. ‘‘लई रडती गं. साडी दे म्हणती.’’

‘‘दोन दिवस काढ ना आई. एवढं प्रदर्शन होऊ दे.’’

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी आला नाही. करुणाला हायसं वाटलं. ती चार घास उभ्यानंच खाऊन टाके घालत राहिली. नवरा, संघपाल, वाळूजच्या कारखान्यातून थकून आला, झाकणं उघडून बघितली आणि म्हणाला, ‘‘आपल्या घरात जेवणाचं बी प्रदर्शनच झालंय. बघायचं, खायचं नाय.’’

बाराव्या गोधडीला एक थर कमी पडला. वरचं कापड गुलमंडीच्या बाजारातून नवं आणता येतं, पण मधले थर जुन्या साड्यांचेच लागतात. त्याशिवाय मऊपणा येत नाही. धुतलेल्या ढिगात ती हिरवी साडी होती. हात लागताच हाताला कळलं होतं. क्षणभर तो थांबलाही होता. मग तिनं मनाला समजावलं, पोर मोठी झाली, कधीतरी सोडावी लागणारच. तिनं साडी पसरली, सुरकुत्या काढल्या, वर दुसरा थर टाकला आणि कडेनं धावदोरा घालत गेली.

‘चुकून’ हे तिनं उमाताईंना सांगितलं तेवढंच.

काल प्रदर्शन संपलं. बाराच्या बारा गोधड्या खपल्या. आमू आज येणार म्हणून रात्रीच तिनं तिचं अंथरूण घातलं, सवयीनं हात उशाशी गेला, आणि तिथं ठेवायला काहीच नव्हतं.

उमाताईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि तिला आतल्या खोलीत नेलं. पलंगावर त्यांची नात झोपली होती. ‘‘सुट्टीला आलीय. जागा नवी, चार दिवस झोपेसाठी नुसती किरकिर. काल ही अंगावर घातली आणि बघा.’’

पोरीनं गोधडीचा काठ मुठीत घट्ट धरला होता.

करुणा पलंगाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसली. आपलेच टाके तिनं एकेक करून कापले. ही रांग घातली त्या दिवशी आमू शेंद्र्याला रडत होती. आत बोटं घालून तिनं हिरवं कापड चाचपडलं, तळहाताएवढा तुकडा कापला आणि कोपरा परत शिवून टाकला. पोर हलली नाही.

‘‘सगळीच घेऊन जा हवी तर,’’ उमाताई हळूच म्हणाल्या. करुणानं मानेनंच नको म्हटलं. झोपलेल्या लेकराच्या अंगावरून ती कशी ओढायची?

घरी आली तेव्हा संघपाल आमूला सोडून दुपारच्या पाळीला निघाला होता. आमू अंथरुणावर बसली होती, केसांना आजीचं तेल चोपडलेलं. करुणानं तिला कुशीत घेतलं. पोर कुशीत आली, पण पाहुण्याकडे जावं तशी, जराशी अवघडून.

‘‘बघ तुझी साडी. एवढीच उरली गं राणी. माझी चूक झाली.’’ करुणानं तुकडा तिच्या हातात ठेवला. आता ही भोकाड पसरणार, आपल्याला गुद्दे मारणार. मारू दे. दोन गुद्दे खाल्ल्याशिवाय तिला आता बरं वाटणार नव्हतं.

आमूनं तुकडा उलटा केला, सुलटा केला. मग मांडीवर ठेवून नीट घडी घातली आणि तो आईच्या हातात परत दिला.

‘‘नको. मला येतं आता. आजी म्हणली, भिताडाकडं तोंड करायचं, डोळे मिटायचे अन् गप पडायचं. आधी रडू येतं, मग येत नाय.’’

ती आडवी झाली. भिंतीकडे वळली. करुणा तशीच बसून राहिली, तर पोरीनं न वळताच शहाण्यासारखं सांगितलं,

‘‘जा तू. तुझं काम राहिलं असंल.’’