चार ठोकळे

चौथा ठोकळा गाडीशेजारी येऊन पडला आणि ती हातातलं काम टाकून बाहेर आली.

दर वेळी असं नसायचं. नवरा जहाजावर इंजिनिअर. आठ-नऊ महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. निघायच्या आदल्या दिवशी गाडी झोपवायची, हा त्याचा नेम. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत गंज धरत नाही. टायरमध्ये चार पौंड हवा जास्त. बॅटरीची वायर सोडायची, चाकामागे वीट लावायची, वर कव्हर ओढायचं. हे सगळं उलट करायला तिला वीस मिनिटं पुरत. तो गेला की दुसऱ्याच पहाटे ती गाडी जागी करायची, आणि तो यायच्या आदल्या दिवशी होती तशी झोपवायची. हवासुद्धा पौंडात मोजून. किलोमीटरचा आकडा तो कधी बघायचा नाही, ही देवाचीच कृपा.

पण या खेपेला त्याने सुताराकडून लाकडाचे चार ठोकळे करून आणले होते. गाडी जॅकने उचलून त्यांवर ठेवायची आणि चाकं काढून माळ्यावर टाकायची. एका जागी उभं राहून टायर बसतात म्हणे. माळ्यावरून चाकं उतरवून गाडी खाली घ्यायची, हे तिच्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी शिकताना तिने गाडी फाटकावर घातली होती. शेजारी बसलेल्या सासूबाईंचा हात मोडला. पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही, एवढंच तो म्हणाला होता, तेही हळू आवाजात. ओरडला असता तर तिला इतकं लागलं नसतं. तो जहाजावर गेला आणि आठच दिवसांत सासूबाई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून स्वतः गाडीत जाऊन बसल्या. "एक हात अजून शिल्लक आहे माझा. चल, काढ गाडी."

तिथून ती शिकली. आता पहाटे साडेपाचला ती घरोघरी जाऊन लॅबसाठी रक्ताचे नमुने घ्यायची. बहुतेक म्हातारी माणसं, काही अंथरुणाला खिळलेली. नवरा घरी असला की जवळची घरं पायी करायची आणि लांबची कुणाच्या तरी गळ्यात घालायची. तिचं काम लॅबमध्ये बसून करायचं, जाणं-येणं बसने, अशी त्याची समजूत. सोमवारपासून लॅबच्या डॉक्टरीणबाई तिला नदीपलीकडचा सगळा भाग देणार होत्या. गाडी असेल तरच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आज शनिवार होता.

सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घडी घातलेले कपडे मोडून तिने त्यांच्या पुन्हा घड्या घातल्या. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा साखर विसरली. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून वाटाणे सोलत होत्या. तिने त्यांना तीनदा गाठलं, ठोकळे नकोत म्हणून सांगा अशी गळ घातली. गाडी त्याची, तो बघेल, मला त्यातलं काय कळतंय, असं म्हणून त्यांनी पुढची शेंग उचलली. तिला संताप आला. गिअर कधी टाकायचा ते शेजारून ओरडून सांगणाऱ्या बाईला आज गाडीतलं काही कळेनासं झालं होतं.

जॅकचा दांडा फिरू लागला. मागचं चाक जमिनीवरून सुटलं. त्याने तिच्याकडे पाना मागितला, तो तिने दिला, आणि तिथेच उभी राहिली. लाकडाला वाळवी लागेल, ती म्हणाली. औषध लावून आणलंय, तो म्हणाला. आईंना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तर? टॅक्सी आहे. त्याने एक नट सैल केला, तिच्याकडे पाहिलं, मग दुसरा. एरवी कामाला वाघ असलेला माणूस आज एकेका नटाला दोन-दोन मिनिटं लावत होता. तिसरा नट त्याच्या हातात आला तेव्हा तिची कारणं संपली होती.

"अहो, थांबा. गाडी वर चढवू नका. मी चालवते ती. तुम्ही गेलात की दर वेळी. चार वर्षं."

मग तिला थांबता येईना. लॅब, पहाट, म्हातारी माणसं, नदीपलीकडचा भाग, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं.

तो भडकला नाही. बसल्या बसल्या त्याने पाना खाली ठेवला.

"उभ्या गाडीची हवा दर महिन्याला थोडी थोडी उतरतेच. आपली चार वर्षं उतरली नाही. जेवढी भरून गेलो, तेवढीच मिळाली."

जिथे ती सगळ्यात चोख होती, तिथेच पकडली गेली होती.

"मग बोलला का नाहीत?"

"नाही म्हणणारा मीच. आता कुठल्या तोंडाने विचारणार?" तो म्हणाला. किलोमीटरचा आकडा तर त्याने मुद्दामच बघितला नव्हता. तो बघितला असता तर समुद्रावर झोप लागली नसती. कधीतरी ती आपणहून सांगेल, म्हणून दर खेपेला वाट बघत राहिला होता.

त्याने नट पुन्हा आवळले. जॅकचा दांडा उलटा फिरवला, तसं चाक हळूहळू जमिनीला टेकलं. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता.

"मग हे ठोकळे कशाला आणलेत?"

त्याने दाराकडे पाहिलं. सासूबाई वाटाण्यांत मान घालून बसल्या होत्या.

"आईने करून घ्यायला लावले. म्हणाली, चाकं उचललीस की तिचं तोंड उघडेल."