धूर कमी करण्याचा वर्ग

वीजबिल भरणा केंद्रासमोर बिल भरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गाड्यांचा इतका धूर व्हायचा की केंद्राच्या साहेबांनी शेवटी एका मास्तरीणबाईंना नेमलं. ज्येष्ठांना फोनवरून बिल भरायला शिकवायचं, आणि धूर कमी झाला तर नोकरी पक्की. बाईंनी घसा कोरडा होईस्तोवर शिकवलं. वर्गातला सगळ्यांत ढ विद्यार्थी म्हणजे त्यांचे सख्खे बाबा. पण काल त्यांनीही घरबसल्या बिल भरलं आणि "जमलं गं पोरी!" म्हणत खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

आज बिलाची शेवटची तारीख. बाई साहेबांना घेऊन ऐटीत केंद्रावर आल्या, तर कोपऱ्यापर्यंत गाड्या, भोंगे, धूरच धूर, आणि रांगेत त्यांचा अख्खा वर्ग! सगळ्यांत पुढे बाबा. बाई धावतच त्यांच्यापाशी गेल्या.

"बाबा, अहो, तुम्ही तर फोनवरून भरलं होतं ना?"

"मीच काय, सगळ्यांनी भरलंय! तुझं नाव राखलं की नाही?" बाबांची छाती फुगली होती.

"मग इथे काय करताय?"



"अगं, पैसे पोचले का, तेवढं विचारायला आलोय."