पहिला मान

"तुह्या घरच्या बाराच्या बारा कोंबड्या मेल्या ना?" ललितानं दार अडवून विचारलं. "मंग माह्यायले काऊन टोचून राह्यली?"

सरितानं खांद्यावरचा लसीचा डबा अंगणात टेकवला. उत्तर होतं तिच्याजवळ. पण ते कुणाच्या दारात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. आणि बोलायला अंगात त्राणही नव्हतं. उजाडायच्या कितीतरी आधी उठून तिनं शेळ्यांखालच्या लेंड्या झाडल्या होत्या, अडलेल्या शेळीला मोकळं केलं होतं, करडू अंगाशी धरून कोरडं केलं होतं. हाताला अजून तोच वास होता. चहा तेवढा राहून गेला होता.

ती टोल्याची, त्या लहानशा वस्तीची पशुसखी होती. शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, कोंबड्यांना मानमोडीची लस टोचायची, हे तिचं काम. कोंबड्या एकदा खुराड्यातून सुटल्या की झुडपांत पांगतात, हाती लागत नाहीत. म्हणून लस टोचायची ती उजाडता उजाडता. धानोऱ्याच्या दवाखान्यातून बर्फात घालून आणलेली बाटली एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. एका बाटलीत शंभर कोंबड्या. चार वर्षं ती हेच करत होती.

मोहफुलांच्या दिवसांत तिनं असाच टोला टोचला होता. पुढच्याच आठवड्यात मानमोडी आली. पलीकडच्या गावात खुराडीच्या खुराडी रिकामी झाली. या टोल्यातल्या वाचल्या. मेल्या त्या फक्त सरिताच्या. माना वाकड्या करून, जागच्या जागी गरगर फिरत, तीन दिवसांत सगळ्या गेल्या. एवढ्या घरांच्या कोंबड्या जगल्या, हे कुणी बोललं नाही. टोचणारणीच्याच मेल्या, हे मात्र सगळे बोलले.

आता धान कापणीला आलं होतं, आणि पुन्हा लसीची पाळी होती. बाया आपापल्या कुडाशी उभ्या राहून इकडेच बघत होत्या. टोल्यात सगळ्यात जास्त कोंबड्या ललिताच्या. ती नाही म्हणाली की बाकीच्याही खुराडी उघडून मोकळ्या होणार, हे सरिताला ठाऊक होतं. रागही येत नव्हता तिला. नुसतं वाटत होतं, कुठंतरी टेकावं.

"राहू दे बाई," ती म्हणाली. "तुह्या मनात नाई, तं नाई." आणि डबा उचलायला वाकली. आजच जाऊन हा दवाखान्यात ठेवून द्यायचा. दुसरी कुणीतरी बघून घ्या म्हणायचं. आपल्या शेळ्या बऱ्या, आपण बरं.

"थांब वं पोरी."

ललिताची सासू सोमारी ओसरीवर मोहाच्या टोळ्या दगडानं फोडून बिया काढत बसली होती. तिनं हातातला दगड खाली ठेवला.

"ललिता, मागच्या खेपेला हे सरिता किती कोंबड्या हायेत इचारत आली, तवा तू किती सांगतल्या?"

ललिता गोंधळली. "दहा."

"अन् होत्या किती?"

खरा आकडा सांगितला की दृष्ट लागते, असं ललिता मानायची. कोंबड्यांचाच काय, शेळ्यांचाही आकडा ती कुणाला सांगत नसे.

"बावीस होत्या," सोमारी म्हणाली. "तू मोहफुलं वेचाले जंगलात गेलती. मी एकेक धरून देल्ली, अन् इनं टोचली. दहा झाल्या, तरी खुराड्यातून निघूनच राह्यल्या. हे थांबली. बाटलीकडं पाह्यलं, खुराड्याकडं पाह्यलं. मी म्हनलं, काय झालं वं? तं म्हने, काई नाई आजी, धरा. शेवटच्या कोंबडीले तं बाटली उलटी करून ओढलं इनं औषध."

"आजी, जाऊ द्या न," सरिता म्हणाली.

"काऊन जाऊ दे? त्या बाटलीत इच्या घरच्या बारा कोंबड्यायचं औषध होतं. ते तुह्या खुराड्यात गेलं, ललिता. दुसरी बाटली आठ दिसांनी भेटनार होती. तवरोक कोंबड्या राह्यल्या नाई. अन् जाता जाता मले म्हनते, ललिताले सांगू नोका, तिले वाईट वाटन."

कुडाशी उभ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. खुराड्यात आतून फडफड होत होती. उजेड पडला तरी झाप उघडत नाही म्हणून कोंबडा ओरडत होता. सरिताला वाटलं, सोमारी बोलली नसती तर बरं झालं असतं. आता ललिता रडणार, मग आपण समजूत घालायची, आणि औषध तर वाया चाललंय.

ललिता रडली नाही. ती सरळ खुराड्याशी गेली, गुडघ्यावर बसली, झाप जरासा सरकवून हात आत घातला. एक काळी तलंग, कोवळी कोंबडी, काढली. मग एक तांबडी. मग कोंबडा, त्यानं मनगटावर चोच मारली तरी तिनं सोडला नाही. दोरीनं तिघांचे पाय बांधले आणि त्यांना आणून सरिताच्या पुढ्यात ठेवलं.

सरितानं सुई काढली. "किती हायेत यंदा? खरा आकडा सांग."

"एकतीस," ललिता सगळ्या टोल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. मग खाली बसली, काळ्या तलंगेचा पंख उचलून धरला आणि हळूच म्हणाली, "पन पहिले ह्या तीन टोच. ह्या तुह्या घरच्या हायेत."