उद्यापन होऊ द्या

"वहिनी, महादेवाच्याच दारात निघालोय आणि महादेवाचंच व्रत आडवं घालताय?" फोनवर शैलावन्सं हसत होत्या. माझ्या या धाकट्या नणंदेने काशीची तिकिटं दुसऱ्यांदा काढली होती. पहिली टाळेबंदीत रद्द झाली, तेव्हापासून आम्ही दोघी फोनवरच घाट चढत-उतरत होतो. आता फेब्रुवारीत साथ ओसरली होती, गाड्याही सुरू झाल्या होत्या.

पण माझे सोळा सोमवारांपैकी नऊच झाले होते. प्रवासात नैवेद्याचा चुरमा कुठे करणार, सोवळं कसं राखणार? "उद्यापन होऊ द्या वन्सं, मग एप्रिलमध्ये नक्की," मी म्हटलं.

"बरं बाई. पण मला मोक्षाला उशीर झाला, तर विश्वनाथाला तुमचंच नाव सांगेन." त्यांनी तिकिटं रद्द केली.

सोळाही सोमवार निर्विघ्न पार पडले. सतराव्याला उद्यापन करायचं, गुरुजींना तसं सांगूनही झालं. आदल्या शनिवारी मिरजेच्या दवाखान्यात शैलावन्सं कोरोनाने गेल्या. शेवटचं तोंडसुद्धा कुणाला पाहता आलं नाही.

आम्हाला सुतक लागलं. आता उद्यापनाचं काय, ते विचारायला मी गुरुजींना फोन केला. सुतक लागल्याचं तेवढं सांगितलं आणि रडूच फुटलं. व्रत मोडलं म्हणून मी रडतेय, असं त्यांना वाटलं असावं.

"त्यात काय एवढं?" ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. "सुतक फिटल्यावर करा. अडचणीला चार-दोन सोमवार पुढे गेले, तरी महादेव रागावत नाही."