दात नकोत

व्हिसाच्या फोटोसाठी आईला स्टुडिओत नेलं, तेव्हा सगळे नियम मला तोंडपाठ होते. मागे पांढरा पडदा, कान उघडे, चष्मा नको आणि हसायचं तर मुळीच नाही. पण फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला की आई नेमकी फिस्सकन हसायची.

"आई, दात नकोत! ओठ मीट."

"अगं, तू अशी कमरेवर हात ठेवून फौजदारासारखी उभी राहिलीस की मला हसूच फुटतं."

शेवटी फोटोवाला वैतागला. "ताई, तुम्हीच जरा बाहेर थांबता का?"

मी बाहेर गेले आणि लगेच हवा तसा फोटो निघाला. व्हिसा जणू मीच देणार होते, अशा थाटात मी तो तपासला आणि आधीचे सगळे हसरे फोटो त्याला पुसून टाकायला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

अर्ज करायचा राहिला, फोटो मात्र मोठा होऊन भिंतीवर लागला. घरातले बाकीचे सगळे फोटो आईनेच काढलेले; तिचा एकटीचा असा हाच होता.

भेटायला आलेली मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. "अशी कधी नव्हती गं ही. कुणावर एवढी रागावलीय?"

मावशी गेल्यावर मी फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले.



"आई, हस ना गं."