सहा ते सात: मोठा चौक

“आई, हॉटेलात खोल्या किती घेतल्यात?”

प्रश्न हिमेनाच्या तोंडचा, पण पैज कार्लोता आणि नेरेआची. शाळेच्या मधल्या सुट्टीत या दोघी मैत्रिणींनी तिला भिंतीशी गाठून ‘आज विचारतेच’ असं वदवून घेतलं होतं. कार्लोताने तर नियमच ठरवून दिला होता: एक खोली म्हणजे सहलीला खुशाल जा, दोन म्हणजे सावध राहा, तीन म्हणजे पळ. नेरेआ मात्र हसली नव्हती. तिच्या आईबाबांनी वेगळं व्हायचं ठरवलं, तेव्हा आधी तिला क्वेन्काला फिरायला नेलं होतं. कड्यावरची लटकती घरं दाखवली, आईस्क्रीम घेऊन दिलं आणि मग सांगितलं. तेव्हापासून भूगोलाच्या तासाला क्वेन्काचं नाव निघालं, की नेरेआ पाणी प्यायला बाहेर जाते.

“तीन,” मोबाइलमधून मान वर न करता आई म्हणाली.

“तिघांना तीन?”

“मी घोरतो ना,” बाबा घाईघाईने म्हणाला.

“सोळा वर्षं घोरतोयस. आईला आत्ता ऐकू यायला लागलं?”

“हिमे, शहाणपणा पुरे.” आईच्या आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं.

तिघं गोल टेबलाशी बसली होती. टेबलावरून जमिनीपर्यंत लोळणाऱ्या जाड कापडाखाली विजेची शेगडी लाल झाली होती. हिवाळ्यात या घराचं जेवण, अभ्यास, भांडण सगळं तिथेच. पाय कापडाखाली घ्यायचे आणि कड उचलायची नाही, ऊब जाते. पूर्वी आई आपले गारठलेले पाय सरळ बाबाच्या पायांवर ठेवायची आणि बाबा कळवळायचा, “अगं माइते, पाय आहेत की मासळीबाजारातला बर्फ!” हिमेनाने आत्ता कापडाखाली हळूच पाय लांब केला. शेगडीची लाकडी चौकट लागली. पाय कुणाचेच लागले नाहीत.

दोघं भांडायची तेव्हा बरं होतं. गेले दोन महिने घरात नुसतं ‘जरा मीठ देतोस, त्रास नसेल तर’ आणि ‘छे, त्रास कसला’ चाललं होतं. दोन पाहुणे एकमेकांकडे मुक्कामाला आल्यासारखं.

“तू तक्ता तर बघ,” बाबा म्हणाला. तो कारखान्यात पाळ्यांचे तक्ते करतो; दिवसाचे चौकोन पाडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. डिसेंबरच्या जोडसुट्टीतले सालामांकाचे दोन दिवससुद्धा त्याने पट्टीने आखले होते. “शनिवारी अकरा वाजता विद्यापीठाचं दार. बेडूक.”

त्या दारावरच्या दगडी नक्षीत कुठेतरी एका कवटीवर एवढासा बेडूक बसलाय. कुणी न दाखवता ज्याला तो सापडतो, तो परीक्षेत पडत नाही. दोन वर्षांनी हिमेनाला तिथेच शिकायला जायचं होतं. बेडकाचा फोटोसुद्धा तिने आजवर पाहिला नव्हता. कुणी दाखवायला लागलं की डोळे गच्च मिटून घ्यायची.

“बोट केलंस ना तिकडे, तर बघ.”

“माझी काय बिशाद? तिथे पाच वर्षं शिकून मला स्वतःलाच अजून सापडला नाही तो.”

“म्हणून तर तिसऱ्या वर्षाला दोनदा बसलास,” आई म्हणाली आणि हसली. बाबाही हसला. कार्लोताचं काय, ती काहीही बोलते. टेबलावर फोन थरथरला. कार्लोताच. ‘किती???’

हिमेनाने फोन पालथा घातला आणि तक्ता पुढे ओढला. बारा ते दोन: जुनं आणि नवं कॅथेड्रल. दोन ते चार: जेवण. चार ते सहा: नदीवरचा रोमन पूल. सहा ते सात: मोठा चौक, गरम चॉकलेट. आणि त्याच चौकोनात, बारीक पण बाबाच्या सवयीप्रमाणे अगदी सुवाच्य, एक शब्द.

बोलणे.

हिमेनाने त्या शब्दावर नख ठेवलं.

“बाबा, हे कुणाशी?”

बाबाने कागदाकडे पाहिलं, मग आईकडे. आईचं हसू ओठांवरच राहून गेलं.

“तेही लिहिलंस, फेर्मीन?”

“म्हटलं, वेळ राहून जायला नको,” बाबा पुटपुटला.

हिमेनाला तो चौक दिसला. सोनेरी दगड, नाताळचे दिवे, एका टेबलावर तीन कप. आणि मग दिसलं, की आपल्याला चार वर्षं रोज वर्गावर जाताना त्याच चौकातून, त्याच टेबलाजवळून जावं लागेल. नेरेआसारखी ती कुठे कुठे पाणी प्यायला बाहेर जाणार होती?

तिने कापडाखाली दोन्ही पाय पसरले, लांबवर, मांड्या ताणल्या जाईपर्यंत. एका बाजूला बाबाचा जाड मोजा लागला. दुसऱ्या बाजूला आईचा पाय, शेगडी पेटलेली असूनही बर्फासारखा. तिने दोघांचे पाय आपल्या पायांनी दाबून धरले.

“मी सालामांकाला येणार नाही,” ती म्हणाली. “तीनही खोल्या रद्द करा. ते गाव मला पुढे शिकायला लागणार आहे. बेडूक माझी मी शोधेन, दोन वर्षांनी. तुम्हाला जे बोलायचंय ते इथेच बोला, आत्ता. आणि बोलून होईपर्यंत कुणी पाय काढायचा नाही.”