अठराशेची कपात

"मला छापील पुरावा पाहिजे," असं म्हणत रामकिसनबापूंनी पॅनकार्ड, आधारकार्ड, पासबुक सगळं अक्षदाच्या टेबलावर ठेवलं. "हेडमास्तरच्या हातात देतो. वैजनाथची नोकरी गेली तर जाऊ दे."

ईट गावच्या एसटी स्टँडसमोर अक्षदा लोकांचे ऑनलाइन फॉर्म, रिटर्न भरून द्यायची. बापूंचा पखवाज ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती.

"वैजूकाकांनी काय केलं?"

"खाल्लं! जानेवारी ते मार्च शाळेत रोज दोन तास पोरांना पखवाज शिकवला. ठरले महिना नऊ हजार, हाती आले सात हजार दोनशे. तिथला कारकून त्यो, बिलं त्योच काढतोय. इचारलं तर म्हणं सरकारनं कापले. माझ्यासारख्याचे सरकार कशाला कापतंय?" बापूंचा आवाज खाली आला. "तीस वर्षं माझ्या पखवाजावर गायलाय त्यो, पोरी. दोन महिने झाले, तोंड बघत न्हाय मी त्याचं. कीर्तनात बी दुसरा गायक घेतला."

अक्षदानं मोबाईलवर आलेला ओटीपी विचारला. पडद्यावर कापलेल्या कराची यादी उघडायला लागली तसे बापूंनी डोळे मिटले. ओठ नुसते हलत होते.

"बापू, बघा. शाळेचं नाव. जानेवारी अठराशे, फेब्रुवारी अठराशे, मार्च अठराशे. सरकारकडं तुमच्याच नावावर जमा."

"समदे?"

"रुपया कमी नाही. पॅन आधारला जोडलेलं नसलं की वीस टक्के कापावेच लागतात. आन तुमचं जुळंल कसं? पॅनवर नुसते रामकिसन, आधारवर ह.भ.प. रामकिसन!"

"आधारच्या कॅम्पातल्या पोराला म्याच सांगितलं व्हतं ते लावाय."

"आधी ते काढू. मग कार्डं जोडू, त्याला हजार रुपये दंड बसंल. मग रिटर्न भरू. तुमची कमाई कराइतकी नाही, कापलेले सगळे परत येतील."

बापूंचं तिकडं ध्यानच नव्हतं. उपरण्यानं डोळे पुसता पुसता ते हसत होते.

"खाल्लं न्हाय गं त्यानं. पांडुरंगा, खाल्लं न्हाय!"

त्यांनी तिथूनच फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर कायम चालूच असे.

"वैजू, चुकलं माझं. म्या तुला चोर धरला. एकादशीला गायला ये बाबा."

पलीकडचं नीट ऐकू यावं म्हणून अक्षदानं उठून पंखा बंद केला.

"येतोयच की दर कीर्तनाला," वैजनाथ म्हणाला. "मागं, चपलांपाशी बसतोय." तो खाकरला. "पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक सैल लावतूस आताशा. घट्ट मळून आण."